नवी समृद्धि आणि जुनी विषमता

राष्ट्राची संपत्ति वाढली म्हणजे राष्ट्र सुखी झालें, असें मानण्याची प्रवृत्ति जितकी स्वाभाविक आहे तितकीच ती फसवी आहे. 'राष्ट्रीय उत्पन्न' हें एका बेरजेचें नांव आहे; आणि बेरीज कितीही अचूक असली तरी कोणाच्या पदरांत काय पडलें हें ती सांगत नाहीं. उलटपक्षीं, वांटणी विषम झाली कीं कोणी तरी कोणास तरी लुबाडलेंच असलें पाहिजे, हा समजही घाईचा आहे. दोन भावांपैकीं एकानें पहाटे उठून मोट धरली व दुसरा दुपारपर्यंत अंथरुणांत राहिला, तर त्यांच्या पिकांत पडणाऱ्या अंतरास अन्याय म्हणतां येणार नाहीं. परंतु एकाच्या वांट्याला विहिरीची जमीन आली आणि दुसऱ्याच्या वांट्याला उघडा माळ आला असेल, तर तेंच अंतर निराळ्या दृष्टीनें पाहावें लागतें. आर्थिक सुधारणांनंतर विकसनशील देशांत जी विषमता वाढलेली दिसते, ती यांपैकीं कोणत्या प्रकारची आहे? हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे तितकाच नीतिशास्त्राचाही आहे; आणि आपल्याच देशाच्या १९९१ नंतरच्या अनुभवाच्या आधारें त्याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

घडलेल्या गोष्टी प्रथम थोडक्यांत आठवूं. १९९१ च्या उन्हाळ्यांत देशाची परकीय चलनाची गंगाजळी इतकी आटली होती कीं, ती दोनतीन आठवड्यांच्या आयातीसही जेमतेम पुरली असती. जुलै महिन्यांत रिझर्व्ह बँकेचें सुमारें ४७ टन सोनें तारण म्हणून परदेशीं गेलें. त्याच महिन्याच्या १ व ३ तारखांस रुपयाचें अवमूल्यन झालें. आणि २४ जुलै रोजीं तत्कालीन अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनीं आपलें अंदाजपत्रक मांडलें, त्याच दिवशीं नवें औद्योगिक धोरणही जाहीर झालें. बहुतेक धंद्यांना लागणारा सरकारी परवाना गेला, जकाती उतरूं लागल्या, परकीय भांडवलास वाट मोकळी झाली. त्यानंतरच्या तीन दशकांत भाववाढ वजा जातां दरडोई उत्पन्न सुमारें चौपट झालें. तेंडुलकर समितीच्या मोजणीप्रमाणें १९९३-९४ मध्यें लोकसंख्येपैकीं शेंकडा ४५.३ लोक दारिद्र्यरेषेखालीं होते. २०११-१२ मध्यें तें प्रमाण शेंकडा २१.९ वर आलें. कोट्यवधि माणसें अर्धपोटी स्थितींतून वर आलीं ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिला नाक मुरडणें हें प्रामाणिकपणास सोडून होईल.

परंतु याच चित्राला दुसरी बाजू आहे. आयकराच्या नोंदी व घरोघरच्या पाहण्या यांची सांगड घालून थॉमस पिकेटी प्रभृति अभ्यासकांनीं जें गणित मांडलें आहे, त्याप्रमाणें १९८२ च्या सुमारास सर्वांत वरच्या शेंकडा एक लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारें शेंकडा ६ भाग जात असे. २०२२-२३ मध्यें तो शेंकडा २२.६ झाला, आणि त्या वर्षीं खालच्या निम्म्या लोकसंख्येस मिळून शेंकडा १५ भाग मिळाला. म्हणजे शंभरांतील एका मनुष्याचें उत्पन्न खालच्या पन्नास मनुष्यांच्या एकत्रित उत्पन्नाहून अधिक आहे. या गणितावर विद्वानांत वाद आहेत. घरगुती खर्चाच्या पाहण्यांवरून पाहिलें तर विषमता पुष्कळच कमी दिसते. मात्र खर्चाच्या वहींत श्रीमंताची बचत उतरत नाहीं, आणि अतिश्रीमंतांच्या बंगल्यांचीं दारें पाहणी करणाऱ्यास क्वचितच उघडतात. अंतर नेमकें किती, हा मतभेद बाजूस ठेवला तरी, वरच्या टोकाचें उत्पन्न मधल्या व खालच्या थरांहून फार वेगानें वाढलें याविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं.

येथें एक गैरसमज आरंभींच दूर केला पाहिजे. सुधारणांपूर्वीं देशांत समता नांदत होती आणि सुधारणांनीं ती मोडली, असें म्हणणारे लोक आहेत. त्यांनीं परवान्यांच्या त्या काळाचें स्मरण करावें. टेलिफोनसाठीं व स्कूटरसाठीं वर्षानुवर्षें नंबर लावून बसावें लागे. कारखाना काढण्यास, वाढविण्यास, किंबहुना ठरलेल्या आंकड्याहून अधिक माल काढण्यासही दिल्लीची परवानगी लागे. आणि ती मिळविण्याची विद्या मोजक्याच घराण्यांना अवगत होती. ज्याच्या हातीं ससा तो पारधी, हाच त्या बाजाराचा नियम होता. ओळख, वशिला, राखीव कोटा यांच्या रूपानें जी विषमता होती ती उत्पन्नाच्या आंकड्यांत दिसत नसे इतकेंच. त्या व्यवस्थेकडे परत जाण्याची वकिली करण्याचा आमचा हेतु नाहीं. तुटवड्यांतील समता ही समता नव्हे. ती केवळ सर्वांना सारखें थांबवून ठेवणें आहे, आणि तेथेंही कांहीं जण मागल्या दारानें आंत जातच असतात.

मग ही नवी विषमता आली कोठून? एक उत्तर असें दिलें जातें कीं, हा विकासाचा अटळ टप्पाच आहे. आरंभीं विषमता वाढते, पुढें देश श्रीमंत झाला कीं ती आपोआप ओसरते. या मताचें जनकत्व सायमन कुझ्नेट्स यांच्याकडे देतात. परंतु १९५५ सालच्या ज्या निबंधांत त्यांनीं हा तर्क मांडला, त्याच निबंधांत त्यांनीं सांगून ठेवलें होतें कीं, आपल्या प्रतिपादनांत अनुभवसिद्ध माहिती फार तर शेंकडा ५ असून बाकीचा ९५ भाग अनुमानाचा आहे. गुरूनें ज्यास अनुमान म्हटलें त्यास शिष्यांनीं सिद्धांत केलें. आणि ज्यांना विषमतेविषयीं कांहींच करावयाचें नसतें, त्यांना असा सिद्धांत फार सोयीचा पडतो; कारण जें आपोआप जाणार आहे त्यासाठीं खटपट ती कशाला?

हा तर्क तपासण्यास चीनचें उदाहरण उपयोगी आहे. तेथें सुधारणांचा आरंभ १९७८ मध्यें झाला, आणि तो शेतांपासून झाला. सामुदायिक शेती मोडून जमीन कसण्यासाठीं कुटुंबांकडे दिली गेली, ती बहुतांशीं माणशीं सारख्या हिश्शानें. शिवाय १९७९ पासून सरकारनें धान्याचा खरेदीचा भाव वाढवून दिला. परिणाम असा झाला कीं, शहरी माणसाचें उत्पन्न १९७८ मध्यें खेड्यांतील माणसाच्या सुमारें अडीच पट होतें, तें अंतर १९८३ च्या सुमारास १.८ पटींवर उतरलें. म्हणजे बाजार मोकळा झाला आणि त्याच वेळीं विषमता कमी झाली! पुढें सुधारणांचा ओघ समुद्रकिनाऱ्यावरील शहरांकडे व निर्यातीच्या कारखान्यांकडे वळला. परंतु १९५८ पासून चालत आलेल्या रहिवासाच्या नोंदीच्या पद्धतीमुळें शहरांत राबावयास आलेल्या खेडुतास शहराची शाळा, दवाखाना व घर यांवर हक्क मिळेना. तेव्हां तेंच अंतर वाढत जाऊन २००९ च्या सुमारास ३.३ पटींवर गेलें. विषमता मोजण्याच्या ज्या निर्देशांकांत शून्य म्हणजे पूर्ण समता व एक म्हणजे सर्व कांहीं एकाच्याच हातीं, तो तेथें २००८ मध्यें सरकारी मोजणीप्रमाणेंच ०.४९१ झाला.

देश एक, सुधारणाही एकाच नांवाची. मग दोन काळांत फळें निराळीं कां? पहिल्या टप्प्यांत, बाजाराचें दार उघडलें त्या वेळीं जवळ जवळ प्रत्येक कुटुंब हातांत जमिनीचा तुकडा घेऊन त्या दाराशीं उभें होतें. आणि त्या पिढींतील बहुसंख्य लोकांना लिहितां वाचतां येत होतें. दुसऱ्या टप्प्यांत दार शहरांत उघडलें, आणि अर्ध्याहून अधिक लोकांना तेथें हक्कानें उभें राहण्याची मुभाच नव्हती. आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म येथें आहे. सुधारणा दार उघडते; दाराशीं कोण पोंचलेला आहे हें ती ठरवीत नाहीं. तें पूर्वींच ठरलेलें असतें. शाळा, जमीन, जाति, गांव, भाषा, बापाची ओळख यांनीं तें ठरविलेलें असतें. सुधारणेनें विषमता निर्माण केली असें म्हणण्यापेक्षां, जुन्या विषमतेला तिनें नवें व्याज लावून दिलें, असें म्हणणें अधिक सत्य होईल.

आतां या कसोटीवर आपला देश पाहूं. १९९१ च्या शिरगणतींत सात वर्षांवरील लोकसंख्येपैकीं शेंकडा ५२ लोक साक्षर निघाले, आणि स्त्रियांमध्यें तें प्रमाण शेंकडा ३९ होतें. म्हणजे ज्या वर्षीं जगाचा बाजार आपणांस खुला झाला, त्या वर्षीं देशांतील निम्म्याच्या जवळपास माणसांना त्या बाजारावरील पाटी वाचतां येत नव्हती. ही स्थिति दैवानें आलेली नव्हती. नामदार गोखले यांनीं १९११ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. ज्या स्थानिक संस्थांना इच्छा व ऐपत असेल त्यांनींच सक्ती करावी, इतकें तें सौम्य होतें. १९१२ मध्यें तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. त्याच सुमारास बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं आणि १९१७ मध्यें कोल्हापुरास शाहू महाराजांनीं हें कार्य आपापल्या संस्थानांत करून दाखविलें, तेव्हां तें अशक्य होतें असें म्हणण्यास आधार नाहीं. स्वतंत्र भारताच्या घटनेनें ४५ व्या कलमांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणासाठीं दहा वर्षांची मुदत घातली. ती १९६० मध्यें संपली. शिक्षणाचा हक्क प्रत्यक्ष अमलांत आला तो १ एप्रिल २०१० रोजीं. गोखल्यांच्या बिलापासून मोजलें तर नव्याण्णव वर्षें झालीं.

याच काळांत उच्च शिक्षणाकडे मात्र राष्ट्राचें लक्ष होतें. खरगपूरची तंत्रशिक्षणसंस्था १९५१ मध्यें व मुंबईची १९५८ मध्यें निघाली, विद्यापीठें वाढलीं, आणि नाममात्र फीवर पदवीधर होण्याची सोय ज्यांना त्या पायरीपर्यंत चढतां आलें त्यांना झाली. या संस्था काढल्या हें वाईट झालें असें नव्हे. त्यांनीं देशाचें नांव केलें. परंतु घराचा पाया अर्धवट ठेवून माडी बांधली म्हणजे माडीवर राहणारे आणि अंगणांत राहणारे असे दोन वर्ग होतातच. १९९१ नंतर जो उद्योग सर्वांत वेगानें वाढला तो संगणकाचा व त्याला लागून असलेल्या सेवांचा. त्यास इंग्रजी येणारा पदवीधर हवा होता, आणि तो माडीवर तयार होता. आज या धंद्यांत पन्नास लाखांच्या आसपास माणसें आहेत. देशांतील एकंदर श्रमिकांशीं ताडून पाहिलें तर शंभरांत एकही नाहीं. उलट कारखानदारीचा राष्ट्रीय उत्पन्नांतील हिस्सा सुधारणांनंतरही शेंकडा १५ ते १७ च्या आसपासच घुटमळत राहिला. पूर्व आशियांतील देशांत नांगर सोडून आलेल्या अल्पशिक्षित तरुण-तरुणींना ज्या कारखान्यांनीं पोटाशीं धरलें, तसे कारखाने आपल्याकडे पुरेसे निघालेच नाहींत. म्हणून आजही शेंकडा ४५ च्या आसपास श्रमिक शेतीवर आहेत, आणि राष्ट्रीय उत्पन्नांत शेतीचा वांटा एकपंचमांशही नाहीं. इतक्या माणसांनीं इतकें थोडें वांटून घ्यावयाचें, हें विषमतेचें सर्वांत साधें आणि सर्वांत मोठें कारण आहे.

प्रांताप्रांतांतील व जिल्ह्याजिल्ह्यांतील अंतराचीही हीच कथा आहे. दांडेकर समितीनें महाराष्ट्रांतील विभागवार अनुशेष १९८४ मध्येंच, म्हणजे सुधारणांच्या सात वर्षें आधीं, मोजून ठेवला होता. भांडवलास आपली जागा निवडण्याची मोकळीक मिळतांच तें बंदर, वीज, रस्ते व शिकलेले लोक जेथें होते तेथें, म्हणजे मुंबई, ठाणें, पुणें या पट्ट्यांत आलें. गडचिरोलीस किंवा नंदुरबारास तें आपण होऊन कशाला जाईल?

येथें आमचा सुशिक्षित वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. तो म्हणेल : "आम्हीं कोणाचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं. आईबापांनीं पोटाला चिमटा घेऊन शिकविलें, आम्हीं रात्री जागून अभ्यास केला, परीक्षा दिल्या, आणि गुणांवर वर आलों. यांत अन्याय कोठें आला?" हा आक्षेप खोटा नाहीं, पण तो अपुरा आहे. पहाटे उठून मोट धरणाऱ्या भावाचे श्रम खरेच असतात. प्रश्न इतकाच कीं, त्याची विहीर कोणीं खणली? महात्मा फुले यांनीं १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत हाच प्रश्न विचारला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो, आणि तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. रयतेच्या मुलांस मात्र प्राथमिक शाळाही मिळत नाहीं, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. परकीय सरकार गेलें, कर बदलले, वरिष्ठ वर्गांत नवीं माणसेंही आलीं. पण त्या गाऱ्हाण्यांतील हिशेब अजून पुरता मिटलेला नाहीं. ज्या पदवीच्या जोरावर एखाद्या तरुणास परदेशी कंपनींत मोठा पगार मिळाला, त्या पदवीच्या खर्चांत मीठ, कापड व काड्याची पेटी विकत घेणाऱ्या प्रत्येक मजुराचा अप्रत्यक्ष कर पडलेला आहे. गुण त्या तरुणाचा. पण गुणाला मिळालेली संधि सर्वांच्या पैशाची. या दुसऱ्या भागास आपण कमाई म्हणूं नये, ऋण म्हणावें, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

आतांपर्यंत ज्या विषमतेचा विचार केला तिच्या मुळाशीं निदान कांहीं श्रम तरी आहेत. परंतु सुधारणांच्या काळांत दुसरी एक विषमता वाढली, तिच्यांत श्रमाचा अंश फारच थोडा आहे. ती मोक्याच्या जागेच्या मालकीची विषमता होय. मुंबईच्या गिरणगांवाचें उदाहरण या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे. १९८२ च्या जानेवारींत तेथील सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाहीं, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. गिरण्या बंद झाल्या, पण त्यांच्या खालची जमीन तेथेंच होती. आणि मुंबई जगाच्या बाजाराशीं जोडली जातांच त्या जमिनीला सोन्याचा भाव आला. १९९१ मध्यें, म्हणजे सुधारणांच्याच वर्षीं, मुंबईच्या विकास नियमावलींत असें कलम घालण्यांत आलें कीं, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करतांना स्थूलमानानें एकतृतीयांश भाग मोकळ्या मैदानांसाठीं महानगरपालिकेस, एकतृतीयांश सार्वजनिक घरांसाठीं व उरलेला मालकास मिळावा. नियम न्याय्य होता. कारण जमिनीची किंमत मालकाच्या कर्तबगारीनें वाढली नव्हती, शहराच्या वाढीनें वाढली होती. परंतु २००१ मध्यें त्या नियमांत दुरुस्ती होऊन, वांटणी सर्व जमिनीची न होतां जी आधींच मोकळी पडलेली असेल तेवढ्याच जमिनीची व्हावी, असें ठरलें. गिरणीची जमीन बहुतेक इमारतींखालींच असावयाची. तेव्हां वांटणीस उरलें फार थोडें. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें या दुरुस्तीचा जनतेस अनुकूल अर्थ लाविला. सर्वोच्च न्यायालयानें २००६ मध्यें तो फिरवून दुरुस्ती जशीच्या तशी कायम केली.

आम्ही येथें न्यायनिवाड्याची चर्चा करीत नाहीं, किंवा कोणाच्या हेतूवर आरोपही करीत नाहीं. आमचा मुद्दा निराळा आहे. ज्या जमिनीवर तीन पिढ्यांच्या कामगारांनीं कापड विणलें, तिच्यावर आज मनोरे व विलासी दुकानें उभीं आहेत, आणि त्या मनोऱ्यांच्या सांवलींत त्याच कामगारांचीं मुलें पहारेकरी म्हणून किंवा घरपोंच सामान पोंचविणारीं म्हणून उभीं दिसतात. हें परिवर्तन बाजाराच्या कोणत्याही नैसर्गिक नियमानें झालेलें नाहीं; नियमावलींतील एका वाक्याच्या फरकानें तें पुष्कळ अंशीं निराळें झालें असतें. 'बाजारानें केलें' असें आपण जेव्हां म्हणतों, तेव्हां त्या वाक्याचा खरा कर्ता कोण हें पाहण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.

कराच्या धोरणांतही हीच गोष्ट दिसते. १९७३-७४ मध्यें आयकराचा कमाल दर अधिभारासह शेंकडा ९७.७५ होता; असा कर कोणी प्रामाणिकपणें भरीत नाहीं, आणि तो १९९७ मध्यें शेंकडा ३० वर आणला हें शहाणपणाचेंच झालें. परंतु मृत्यूनंतर मालमत्तेवर बसणारा कर १९८५ मध्यें गेला, आणि संपत्तीवरील वार्षिक कर २०१५ मध्यें गेला. श्रमाच्या मिळकतीवर कर राहिला; वारशानें आयत्या मिळालेल्या संपत्तीवर राहिला नाहीं. जो समाज गुणांचा इतका गौरव करतो त्यानें गुणावर कर ठेवावा आणि जन्माला मोकळें सोडावें, ही विसंगति विचार करण्यासारखी नाहीं काय?

आतां शेवटचा आक्षेप. गरिबाच्या ताटांत पूर्वींपेक्षां अधिक पडत असेल, तर शेजाऱ्याच्या ताटांत किती पक्वान्नें आहेत याची चौकशी त्यानें कां करावी? ही असूया नव्हे काय? कांहीं अंशीं ती असूया असेल; पण केवळ असूया नव्हे. ॲडम स्मिथसारख्या बाजाराच्या पुरस्कर्त्यानेंही १७७६ मध्यें लिहून ठेवलें आहे कीं, आपल्या काळीं तागाच्या सदऱ्यावांचून चारचौघांत जाण्यास मजुरासही लाज वाटेल. ग्रीकांना व रोमनांना तो सदरा ठाऊकही नव्हता. आवश्यक वस्तू कोणत्या हें पोट एकटें ठरवीत नाहीं, समाजही ठरवितो. ज्या शहरांत शाळेचा अभ्यास मोबाइलवर येतो तेथें मोबाइल नसलेलें मूल चैनीला मुकत नाहीं, विद्येला मुकतें. शिवाय एका पिढीचें उत्पन्न हीच दुसऱ्या पिढीची संधि असते. खाजगी शाळा, खाजगी शिकवणी, परगांवीं ठेवून करून घेतलेली परीक्षेची तयारी यांच्या द्वारें आजचें अंतर उद्यांच्या गुणवत्तायादींत उतरतें, आणि मग त्यालाच आपण गुण म्हणतों.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनीं १९७३ मध्यें या बाबतींत एक मार्मिक दृष्टान्त दिला होता. बोगद्यांत एकाच दिशेच्या दोन रांगा अडकून पडल्या आहेत. शेजारची रांग हलूं लागली कीं थांबलेल्यास प्रथम आनंदच होतो. आतां आपलीही पाळी येईल असें त्यास वाटतें. परंतु ती रांग पुढेंच जात राहिली आणि आपली जागची हलेना, तर त्या आनंदाचें रूपांतर संतापांत होतें. मग माणसें नियम मोडून दुसऱ्या रांगेंत घुसूं लागतात. गरिबांनीं तीस वर्षें जो धीर दाखविला आहे तो त्या पहिल्या आनंदाचा धीर आहे. त्याला आपण संमति समजूं लागलों तर तो आपला प्रमाद ठरेल.

हें अंतर अटळ नाहीं याचें प्रत्यंतर ब्राझीलनें दिलें आहे. जगांतील अत्यंत विषम देशांत गणल्या जाणाऱ्या त्या देशांत २००१ च्या सुमारास मघांच्याच निर्देशांकाचा आंकडा ०.५८ च्या आसपास होता. पुढील दहाबारा वर्षांत तो ०.५३ च्या जवळ आला. त्यासाठीं बाजार बंद करावा लागला नाहीं. किमान वेतन वाढविणें, मुलांस शाळेंत धाडण्याच्या अटीवर गरीब कुटुंबांस रोख साहाय्य देणें, आणि आधींच्या पिढींत शाळांचा प्रसार झालेला असणें, एवढ्यानें हें साधलें. सुधारणा मोठी नव्हे, आणि तिची गतिही पुढें मंदावली. परंतु विषमता ही प्रारब्धाची गोष्ट आहे असें म्हणणाऱ्यांस तेवढें उत्तर पुरेसें आहे.

तेव्हां न्यायाची कसोटी कोणती लावावी? जॉन रॉल्स यांनीं १९७१ मध्यें सुचविलेली कसोटी आम्हांस साधी व कठोर वाटते. आपला जन्म कोणत्या घरीं होणार हें ठाऊक नसतां समाजाचे जे नियम आपण पत्करूं, ते न्याय्य. आपण गिरणीमालकाच्या घरीं जन्मूं कीं चाळींतल्या खोलींत, पुण्याच्या पेठेंत कीं मेळघाटांतील पाड्यावर, हें न कळतां आपण गोखल्यांच्या बिलाविरुद्ध मत दिलें असतें काय? गिरणीच्या जमिनीची ती दुरुस्ती मान्य केली असती काय? बाजार खुला करण्यास मात्र आपण बहुधा होकारच दिला असता. म्हणजे दोष दार उघडण्यांत नव्हता. दार उघडण्यापूर्वींच्या चाळीस वर्षांतील आळसांत आणि उघडल्यानंतरच्या तीस वर्षांतील विस्मरणांत होता.

डॉ. आंबेडकर यांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत बोलतांना इशारा दिला होता कीं, २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगतीच्या आयुष्यांत पाऊल ठेवणार आहों. राजकारणांत समता असेल, आणि सामाजिक व आर्थिक जीवनांत विषमता. ही विसंगति फार दिवस राहूं दिली तर ज्यांना तिचे चटके बसतात ते राजकीय लोकशाहीचा हा मंदिरप्राय डोलारा उधळून देतील, हें त्यांनीं तेव्हांच बजावलें होतें. त्या इशाऱ्याकडे आपण बहुधा शासनास उद्देशून केलेलें भाषण म्हणून पाहतों. आम्हांस तो सुशिक्षित मध्यमवर्गासही तितकाच उद्देशून केलेला वाटतो. कारण दार उघडलें तेव्हां दाराशीं उभा असलेला वर्ग हाच होता, आणि आज आपल्या मुलांस सरकारी शाळेंतून काढून, आजाऱ्यास सरकारी दवाखान्यांतून हलवून, या सार्वजनिक संस्थांकडे ज्यानें पाठ फिरविली आहे तो वर्गही हाच. ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांना एखाद्या संस्थेची गरज उरली नाहीं, म्हणजे त्या संस्थेचा कोणी वाली उरत नाहीं.

ऋण फेडण्याचा मार्ग आम्ही दानधर्मांत शोधीत नाहीं. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतें, ऋण नसतें. प्राथमिक शाळा खरोखर शिकवील इतका पैसा व इतकें लक्ष तिला मिळावें, सार्वजनिक वाढीनें ज्या जमिनीची किंमत वाढली त्या वाढींत सर्वांचा हिस्सा असावा, आणि मोठ्या वारशांवर वाजवी कर असावा, या तीन गोष्टींना आपल्या वर्गानें विरोध न करणें, किंबहुना त्या मागणें, हाच तो मार्ग होय. त्यांत आपलें कांहीं जाईल. पण जें जाईल तें आपल्या श्रमाचें नसून विहिरीचें असेल. आणि विहीर खणणारांचीं मुलें अजून त्याच उघड्या माळावर पावसाची वाट पाहत उभीं आहेत.